१८० एमबीची फाइल, दीड जीबीचं टेक्स्चर

"सर, क्यूजीआयएसमध्ये तर फाइल दोन सेकंदांत उघडते. माझ्याच प्रोग्राममध्ये क्रॅश होऊन राहिला."

मे महिन्यातला शनिवार होता. कूलरच्या आवाजात तिला जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी नागपुरातल्या अंबाझरी भागात राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. ते पाणी तिच्याही घरात आलं होतं. म्हणून प्रकल्पासाठी तिनं हाच विषय घेतला. तलावाच्या सांडव्याखालच्या भागाचा ड्रोननं काढलेला नकाशा पडद्यावर दाखवायचा, त्यावर पाण्याची पातळी हळूहळू वर न्यायची आणि कुठली गल्ली किती फुटांवर बुडते ते बघायचं. कल्पना सुंदर आहे आणि गरजेचीही आहे. पण तिचा प्रोग्राम नकाशा उघडण्यापाशीच मरत होता, आणि क्यूजीआयएस हे नकाशे बघायचं मोफत सॉफ्टवेअर मात्र तो सहज उघडत होतं.

तिचा हिशोब साधा होता. नकाशाची जेपीजी फाइल १८० एमबीची. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डावर ४ जीबी. मग १८० एमबी मावत का नाही? ग्राफिक्सचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्याचं उत्तर मी कागदावर दिलं, कारण माझ्या अनुभवात मोठ्या टेक्स्चरच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलेल्या चित्राच्या, तक्रारींपैकी बऱ्याच कोडला हात लावण्याआधी कागदावरच सुटतात.

आपल्या भागात कापसाची गाठ सगळ्यांनी पाहिलेली असते. १७० किलो कापूस प्रेसमध्ये दाबून, पट्ट्या आवळून केलेली ती गाठ ट्रकमध्ये गपगुमान बसते. तीच गाठ घरात आणून सोडली तर खोली कापसानं भरून जाईल. जेपीजी किंवा पीएनजी फाइल म्हणजे ही बांधलेली गाठ आहे. डिस्कवर ठेवायला आणि इंटरनेटवरून पाठवायला ती सोयीची, पण ग्राफिक्स कार्डाला बांधलेल्या गाठीतून काम करता येत नाही. त्याला कुठल्याही क्षणी कुठलाही पिक्सेल थेट उचलायचा असतो. त्यामुळे फाइल वाचताना गाठ पूर्ण सोडावी लागते, आणि सोडल्यावर फाइलच्या आकाराला काही अर्थ उरत नाही. मग फक्त एक गुणाकार उरतो: रुंदी गुणिले उंची गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बाइट.

तिच्या नकाशात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ५ सेंटिमीटर. नकाशा १ किलोमीटर बाय १ किलोमीटर. म्हणजे एका बाजूला २०,००० पिक्सेल आणि एकूण ४० कोटी. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट प्रत्येक पिक्सेलला धरले की १६० कोटी बाइट होतात, साधारण दीड जीबी. पारदर्शकता नको म्हणून तीनच बाइट पाठवले, तरी बहुतेक कार्डं आतल्या सोयीसाठी चारांचीच जागा धरतात. त्यावर मिपमॅप येतात. दूरून बघताना चित्र लुकलुकू नये म्हणून त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या छोट्या प्रती सोबत ठेवायची ही पद्धत. क्षेत्रफळ दर वेळी एक चतुर्थांश होत जातं, त्यामुळे सगळ्या प्रतींची बेरीज मूळ चित्राच्या एक तृतीयांश भरते. म्हणजे दीडचे झाले जवळपास दोन जीबी. १८० एमबीची फाइल उघडता उघडता अकरा-बारा पट झाली.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण दोन जीबी तरी चारमध्ये मावते नं?"

मावते. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: नेमकी कोणाची मेमरी, आणि प्रवासातल्या कुठल्या टप्प्यावर?

टेक्स्चर थेट डिस्कवरून कार्डावर उडी मारत नाही. आधी दाबलेली फाइल रॅममध्ये येते, ते १८० एमबी. मग डिकोडर ती सोडतो आणि रॅममध्येच तीन बाइटांच्या हिशोबानं १२० कोटी बाइटांचा दुसरा ढीग तयार होतो. तिच्या कोडमध्ये त्यानंतर तीनाचे चार बाइट करणारा एक लूप होता आणि तो निकाल नव्या व्हेक्टरमध्ये ठेवत होता, म्हणजे आणखी १६० कोटी. मग ओपनजीएलच्या, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीच्या, हाती ते दिलं की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाकडे पाठवण्याआधी अनेकदा आपली स्वतंत्र प्रत काढतो. ती पुन्हा १६० कोटी. हे सगळे ढीग एका क्षणाला एकत्र जिवंत असतात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझर मिळून निम्मी रॅम आधीच घेऊन बसलेले असतील, तर साडेचार जीबीचा हा क्षण निभत नाही. कार्डाची मेमरी रिकामी असते आणि प्रोग्राम रॅमच्या दारातच पडतो. पुढे सरकण्याआधी मागचा ढीग मोकळा करणं, आणि शक्य असेल तर डिकोडरलाच सरळ चार बाइटांची मागणी करणं, एवढ्यानं हे शिखर साडेचार जीबीवरून सव्वातीनच्या आसपास येतं.

इथे विंडोज आणि लिनक्स वेगळे वागतात, तेही लक्षात ठेवावं. विंडोजवर जागा नसेल तर मागणी तिथल्या तिथे नाकारली जाते आणि सी प्लस प्लसमध्ये 'बॅड अ‍ॅलॉक' हा अपवाद फेकला जातो. लिनक्स मात्र सहसा मागणीला होकार देऊन टाकतो, आणि आपण त्या जागेत खरंच लिहायला लागलो की मग जागा शोधतो. ती मिळाली नाही तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखादा प्रोग्राम सरळ मारून टाकतो आणि टर्मिनलवर 'किल्ड' एवढा एकच शब्द उरतो. कोडमधला ट्राय-कॅच तिथे काहीच पकडू शकत नाही.

आता तिच्या लॅपटॉपकडे वळू. तिच्या खिडकीत संदेश होता: 'टेक्स्चर लोड झालं नाही, मेमरी अपुरी'. मी विचारलं, हा संदेश कोणी दिला? तर तो तिनंच लिहिलेला होता. ओपनजीएलकडून कुठलीही चूक आली की हेच वाक्य छापायचं, असं. आम्ही ते काढलं आणि चुकीचा खरा आकडा छापला. आला १२८१.

ओपनजीएलमध्ये मेमरी संपल्याचा आकडा १२८५ आहे. १२८१ म्हणजे 'दिलेली किंमत चालत नाही'. प्रत्येक कार्ड आणि ड्रायव्हर मिळून टेक्स्चरच्या एका बाजूची कमाल मर्यादा सांगतात. तिच्या लॅपटॉपवर ती १६,३८४ होती. डायरेक्ट३डी ११ या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स लायब्ररीतही द्विमितीय टेक्स्चरची मर्यादा हीच आहे. २०,००० त्याच्या बाहेर जातं. कार्डावर शंभर जीबी असती तरी हे टेक्स्चर नाकारलंच गेलं असतं. दोन दिवस ती रॅम वाढवायचा विचार करत होती, आणि मेमरीचा इथे संबंधच नव्हता. प्रोग्राम सुरू होताना 'मॅक्स टेक्स्चर साइज' विचारून घ्यायला एक ओळ लागते. फाइलची लांबी-रुंदी समजायला ती पूर्ण सोडावीही लागत नाही. एसटीबी इमेजसारख्या लायब्ररीत फक्त मथळा वाचून मापं सांगणारं फंक्शन असतं. ही दोन मापं समोरासमोर ठेवणं हे पहिलं काम.

चुकीच्या आकड्याबद्दल आणखी एक सांगतो, कारण यात लोकांचे तासन्‌तास जातात. ओपनजीएल चूक झाल्यावर आकडा फक्त नोंदवून ठेवतं, आणि आपण विचारेपर्यंत तो तसाच राहतो. त्यामुळे टेक्स्चर लोड केल्यावर विचारलं आणि चूक मिळाली, तर ती चूक शंभर ओळी आधीची असू शकते. म्हणून लोड करण्याआधी विचारून पाटी कोरी करायची, लोड करायचं आणि लगेच पुन्हा विचारायचं. ओपनजीएल ४.३ पासून डीबग कॉलबॅकची सोय आहे. ती सिंक्रोनस, म्हणजे त्याच क्षणी चालणारी, करून ठेवली तर चूक ज्या ओळीवर होते तिथेच आपलं फंक्शन बोलावलं जातं. विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून हे चालू ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

तिनं नकाशा कापून १६,००० बाय १६,००० केला. आता १२८१ गेला, पण प्रोग्राम सरळ बंद पडायला लागला. संदेश नाही, आकडा नाही, थेट ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आत कुठेतरी क्रॅश. "आता तरी मेमरीच कमी पडून राहिली नं सर?"

मेमरी कमी पडत नव्हती. आम्ही दोघं आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचत होतो. शिखर कमी करण्यासाठी तिनं तीनाचे चार करणारा लूप काढला होता, ते बरोबरच केलं. पण ओपनजीएलला फॉरमॅट सांगताना 'आरजीबीए' तसंच राहिलं. हातात प्रत्येक पिक्सेलचे तीन बाइट, सांगितलं चार. २५.६ कोटी पिक्सेलांचे ७६.८ कोटी बाइट आपल्याकडे, आणि ड्रायव्हर वाचायला निघाला १०२.४ कोटी. उरलेले २५.६ कोटी बाइट कोणाचे? ती जागा आपल्या प्रोग्रामची नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम तिथे पाय ठेवताच प्रोग्राम थांबवते. क्रॅश ड्रायव्हरमध्ये दिसतो म्हणून लोक ड्रायव्हर पुन्हा टाकतात, कार्ड खराब झालं म्हणतात. ड्रायव्हरनं मात्र आपण सांगितलं तेवढंच वाचलेलं असतं.

हे पकडायची माझी जुनी सवय आहे. ओपनजीएलला पॉइंटर, म्हणजे डेटाचा पत्ता, देण्याआधी, फॉरमॅटप्रमाणे जो शेवटचा बाइट लागणार आहे तो आपणच वाचून बघायचा. हिशोब चुकला असेल तर बहुधा आपल्याच ओळीवर क्रॅश होतो, ड्रायव्हरच्या पोटात नाही. आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन चालू करून बिल्ड केलं असेल तर तो ओळ क्रमांकासह सांगतो की एवढ्या बाइटांच्या जागेच्या पुढे तुम्ही वाचलं.

याच घराण्यातली एक बारीक चूक आहे, आणि मला ती सगळ्यांत त्रासदायक वाटते, कारण ती कधी क्रॅश करते आणि कधी नाही. लग्नाच्या पंगतीत चार-चार जणांच्या सतरंज्या टाकल्या आहेत असं समजा. नियम असा की नवी रांग नेहमी नव्या सतरंजीवर सुरू होईल. रांगेत ११ माणसं असतील तर तिसऱ्या सतरंजीवर एक जागा रिकामी सुटते. ओपनजीएल डेटा वाचताना सुरुवातीला असाच नियम धरून चालतं: प्रत्येक ओळ चार बाइटांच्या पटीत संपते, नसेल तर मध्ये रिकामी जागा आहे. याला 'अनपॅक अलाइनमेंट' म्हणतात आणि त्याची मूळ किंमत ४ असते. डिकोडरनं दिलेला डेटा मात्र बहुतेक वेळा एकाला एक लागून बसवलेला असतो, रिकामी जागा न सोडता.

चार बाइटांच्या पिक्सेलला याचा त्रास कधीच होत नाही. तीन बाइटांचा पिक्सेल असेल आणि रुंदी चारच्या पटीत असेल तरी होत नाही. पण तिनं एकदा कापताना माऊस जरा हलला आणि रुंदी आली १५,९९७. तिनानं गुणलं की ४७,९९१ बाइट, चारनं भाग जात नाही. ओपनजीएल प्रत्येक ओळ ४७,९९२ बाइटांची समजलं. दर ओळीला एक बाइट पुढे. तीन ओळींत चित्र एक पिक्सेल सरकलं, नकाशा तिरका झाला, रंगांची अदलाबदल झाली, आणि शेवटी सोळा हजारांच्या आसपास बाइट हद्दीबाहेरचे वाचले गेले. त्या पुढची जागा योगायोगानं आपल्याच प्रोग्रामकडे असेल तर काहीच होत नाही, नसेल तर क्रॅश. सकाळी चालतं आणि दुपारी चालत नाही, ते यामुळे. अलाइनमेंट १ करून टाकणारी एक ओळ लोड करण्याआधी लिहिली की हा प्रश्न कायमचा मिटतो.

मेच्या नागपुरात 'दुपारी चालत नाही' म्हटलं की कोणीतरी उन्हाला दोष देतंच, म्हणून तेही सांगून ठेवतो. यंत्र तापलं तर प्रोसेसर आणि कार्ड आपला वेग कमी करतात आणि चित्र अडखळायला लागतं. फारच तापलं तर यंत्र बंद पडतं. पण उष्णतेनं मेमरी 'संपत' नाही. १२८५ आला तर त्याचं कारण गुणाकारात किंवा कोडमध्ये शोधा, खोलीच्या तापमानात नाही.

गुणाकारावरून आठवलं. तिच्याच गटातल्या एका मुलाकडे जरा मोठा, २५,००० बाय २५,००० चा नकाशा होता. तो कॉलेजच्या मोठ्या वर्कस्टेशनवर, ६४ जीबी रॅमवर चालवूनही 'बॅड अ‍ॅलॉक' घेऊन आला. ६४ जीबीत अडीच जीबी मिळत नाही हे मला पटेना. कोड बघितला तर रुंदी, उंची आणि चॅनेल, तिन्ही 'इंट', म्हणजे साधे पूर्णांक. ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतं. २५,००० गुणिले २५,००० गुणिले ४ म्हणजे २५० कोटी, त्याच्या पलीकडे. जुन्या स्कूटरचा पाच आकड्यांचा किलोमीटर काटा ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसंच हे. फरक एवढाच की चिन्ह असलेला इंट उलटून शून्यावर येत नाही, ऋण संख्येत जातो. इथे उत्तर आलं उणे १७९ कोटींच्या घरात. सी प्लस प्लसचा नियम तर असा की चिन्हासहित इंट ओसंडला की काय व्हावं याची हमीच नाही, पण प्रत्यक्षात बहुधा हेच दिसतं. हा ऋण आकडा मेमरी मागणाऱ्या फंक्शनला दिला की ते त्याला धन समजतं, आणि ६४ बिटांत ती इतकी अफाट मागणी होते की जगातलं कुठलंच यंत्र ती पुरवू शकणार नाही. संदेश येतो, मेमरी नाही. तो खराही आहे, पण मागणीच चुकीची होती.

३२,७६८ च्या चौकोनी चित्रात तर याहून वाईट होतं. तिथे चार बाइटांचा गुणाकार बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येतो, आणि ३२ बिटांत त्याचा उरतो शून्य. शून्य बाइटांची मागणी आनंदानं मंजूर होते. मग आपण त्यात चार जीबी लिहायला जातो.

उपाय सोपा आहे, फक्त जागा चुकवू नका. गुणाकार झाल्यावर उत्तर मोठ्या प्रकारात बदलून उपयोग नाही, कारण तोवर आकडा उलटून गेलेला असतो. पहिल्या संख्येलाच 'साइज टी' या मोठ्या प्रकारात बदलायचं आणि मग गुणायचं. त्या मुलानं कंस एक जागा डावीकडे सरकवला आणि नकाशा रॅममध्ये उघडला.

कॉलेजच्या लॅबमधली बाकीची यंत्रं मात्र वेगळ्याच कारणानं नाही म्हणत होती. तिथल्या व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्टमध्ये बिल्ड 'एक्स८६' वर ठेवलेलं होतं, म्हणजे ३२ बिटांचा प्रोग्राम. अशा प्रोग्रामला विंडोजवर एरवी २ जीबी पत्त्यांचीच मुभा असते, मशीनमध्ये रॅम कितीही असो. ६४ बिटांच्या विंडोजवर खास परवानगीचा झेंडा लावला तर ४ जीबीपर्यंत जाता येतं. त्यातही अडचण अशी की टेक्स्चरला अखंड, सलग जागा लागते. सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये दुचाकीच्या पन्नास जागा इकडे-तिकडे रिकाम्या असतील, पण ट्रक उभा करायला सलग जागा नसते, तशी गत. एकूण दीड जीबी मोकळी दिसते आणि सव्वा जीबीचा सलग पट्टा मिळत नाही. बिल्ड ६४ बिटांचं केलं की संपलं. आजच्या काळात मोठी चित्रं ३२ बिटांच्या प्रोग्राममध्ये उघडण्याचा हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि कोणी डिकोड केलेला डेटा फंक्शनच्या आत साध्या स्थानिक अ‍ॅरेत ठेवत असेल, तर तो स्टॅक नावाच्या छोट्या, ठरावीक मापाच्या जागेत जातो. विंडोजवर स्टॅक मुळात १ एमबीचा असतो. ५१२ बाय ५१२ चं चार बाइटांचं एकच चित्र तो भरून टाकतं.

तिच्याकडे परत येतो. आता नकाशा उघडत होता. तिनं त्यात पुराआधीचा आणि पुरानंतरचा असे दोन नकाशे बटणानं आलटून पालटून दाखवायची सोय केली. चार-पाच वेळा बटण दाबलं की सगळं संथ व्हायचं, आणखी दोनदा दाबलं की १२८५. या वेळी खरोखरच मेमरी संपली होती. प्रत्येक दाबावर ती नवं टेक्स्चर तयार करत होती आणि जुन्याचा क्रमांक त्याच व्हेरिएबलमध्ये पुसला जात होता. क्रमांक हरवला तरी कार्डावरचं टेक्स्चर तसंच पडून राहतं, ते हटवायला सांगावं लागतं. मिपमॅपसकट एकेक १३६ कोटी बाइटांचं, म्हणजे तिसऱ्या दाबालाच ४ जीबीचं कार्ड काठोकाठ भरत होतं. पुढचं विंडोज साध्या रॅममध्ये ढकलत होतं, म्हणून आधी संथपणा यायचा आणि चूक नंतर. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन आलेख असतात. बटण दाबताना ते उघडे ठेवले की ही पायरी-पायरीची चढण डोळ्यांना दिसते. आलेख पायऱ्यांनी चढत असेल आणि कधीच उतरत नसेल, तर गळती आहे असं समजा.

१२८५ बद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. हा आकडा आल्यावर ओपनजीएलची आतली अवस्था काय असेल याची कसलीही शाश्वती नसते, नियमावलीतच तसं म्हटलं आहे. त्यामुळे 'चूक आली, दुर्लक्ष केलं, पुढे चालू' हे इथे चालत नाही. शिवाय अनेक ड्रायव्हर जागा प्रत्यक्ष लागेपर्यंत देत नाहीत, म्हणून लोड करताना सगळं ठीक दिसतं आणि पहिल्यांदा चित्र काढताना घोळ होतो. व्हल्कन या नव्या ग्राफिक्स लायब्ररीत हे बरंच स्पष्ट असतं. तिथे उणे १ म्हणजे रॅम संपली, उणे २ म्हणजे कार्डाची मेमरी संपली. पण तिथे आणखी एक जबाबदारी आपल्यावर येते. कार्डाकडे पाठवायला ठेवलेला बफर, कार्डानं तो वाचून संपवल्याचा निरोप येईपर्यंत आपण मोकळा करायचा नाही. ओपनजीएलमध्ये टेक्स्चर देण्याचं फंक्शन परतलं की आपला ढीग लगेच मोकळा करता येतो.

एवढं सगळं झाल्यावर तिचा पहिला प्रश्न अजून बाकीच होता. क्यूजीआयएस दोन सेकंदांत कसं उघडतं?

ते मुळात पूर्ण नकाशा उघडतच नाही. पडद्यावर फार तर १९२० बाय १०८० पिक्सेल आहेत, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. ४० कोटी पिक्सेल दाखवायला पडद्यावर जागाच नाही. नकाशाचे जाणकार हे फार आधीपासून ओळखून आहेत. आपल्या शहरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आहे. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्या अशा कोणालाही विचारा, मोठी चित्रं ते जेपीजीत ठेवत नाहीत, जिओटिफमध्ये ठेवतात. त्यात चित्र छोट्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवता येतं आणि निम्म्या, पाव मापाच्या प्रती आतच साठवता येतात. तिची मूळ फाइल तशीच होती. जेपीजी तिनं 'सोपं जाईल' म्हणून नंतर केली होती, आणि सोय तिथेच हरवली. क्यूजीआयएस लांबून बघताना लहान प्रत वाचतं, जवळ गेलं की मोठ्या प्रतीतले फक्त दिसणारे तुकडे वाचतं.

आपल्या प्रोग्राममध्ये हेच करायचं. ५१२ बाय ५१२ चा एक तुकडा चार बाइटांनी बरोबर १ एमबी होतो. तेवढ्या पडद्यावर एका वेळी आडवे जास्तीत जास्त पाच आणि उभे चार, असे वीस तुकडे दिसू शकतात. आजूबाजूचे आणि वरच्या-खालच्या पातळीचे तुकडे तयार ठेवले तरी शंभरात काम होतं. शंभर एमबी. नकाशा एका चौरस किलोमीटरचा असो की दोनशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या अख्ख्या नागपूरचा, कार्डावरची जागा तेवढीच. ५ सेंटिमीटरनं सगळं शहर एकदम उघडायचं म्हटलं असतं तर ३२० जीबीहून जास्त लागले असते. न दिसणारा सगळ्यांत जुना तुकडा काढायचा आणि त्याच्या जागी नवा भरायचा. टेक्स्चर पुन्हा तयार करायचं नाही, तीच जागा वापरायची. तुकडे कापायला जीडाल नावाचं मोफत साधन आहे, ते एका आज्ञेत सगळ्या पातळ्या करून देतं.

तुकडे करण्याइतका वेळ नसेल तर मधला मार्ग म्हणून कार्डाला समजणारं कॉम्प्रेशन वापरता येतं. ही गाठ सोडावी लागत नाही, कार्ड तिच्यातूनच पिक्सेल उचलतं. चित्राचे ४ बाय ४ चे ठोकळे करून प्रत्येक ठोकळा ठरावीक बाइटांत बसवतात. बीसी१ या प्रकारात ८ बाइट, बीसी७ मध्ये १६. तिचा १६,००० चा नकाशा बीसी७ मध्ये १०२ कोटींवरून २५.६ कोटी बाइटांवर येतो, बीसी१ मध्ये त्याच्याही निम्म्यावर. बीसी१ मध्ये रंगांच्या छटा थोड्या ओबडधोबड होतात. छपरं आणि रस्ते बघायला चालेल, पण गढूळ पाणी आणि ओली माती यांतला फरक ओळखायचा असेल तर मी बीसी७ घेईन. मोबाइलवर बहुधा एएसटीसी किंवा ईटीसी२ मिळेल. हे वापरताना एवढंच बघा की दाबलेली फाइल आधीच तयार करून ठेवलेली हवी. प्रोग्राम सुरू होताना जेपीजी सोडून मग दाबायला गेलात तर रॅममधलं ते शिखर पुन्हा तसंच उभं राहतं.

तिनं तुकड्यांचा मार्ग घेतला. दोन आठवड्यांनी लॅपटॉप घेऊन आली तेव्हा टास्क मॅनेजरवरचा आलेख सपाट होता. तिनं सांडव्यापासून सुरुवात केली, नदीच्या काठाकाठानं खाली आली, डागा ले-आउट या वस्तीवर थांबली आणि आणखी जवळ गेली. एका अंगणातला उलटा पडलेला प्लॅस्टिकचा ड्रम ओळखू येत होता. मग तिनं पाण्याची पातळी एकेक फूट वर न्यायला घेतली. तिसऱ्या फुटाला तिच्या घराची पायरी बुडाली.

"बरोबर तिथंच आलं होतं," ती म्हणाली. मग पडद्याजवळ वाकून बोट ठेवलं. "पण सर, दोन तुकड्यांच्या मध्ये ही बारीक रेघ दिसून राहिली."

ती रेघ मेमरीची नाही. तुकड्याच्या कडेला फिल्टरला शेजारचा पिक्सेल मिळत नाही, म्हणून ती येते. प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याच्या दोन-चार पिक्सेलांची किनार जोडून कापलं की जाते. ती लगेच कापायला बसली.